कोऱ्या ओट्याला गिऱ्हाईक मिळेना

तुमच्या स्वयंपाकघरातला ओटा कुणी निवडला?

नीट आठवून उत्तर द्या. 'आम्ही दोघांनी' हे उत्तर मला चालणार नाही. मी ओटे बसवणारा मिस्त्री आहे. निपाणी, बेळगाव आणि मधली गावं हा माझा मुलूख. फरशीच्या दुकानाच्या आवारात माझा निम्मा दिवस जातो आणि तिथे कोण येतं ते मला दिसतं. घरमालक येतो. त्याचा मेहुणा येतो. कधी दलाल येतो, कधी वेळ जात नाही म्हणून शेजारी येतो. हे सगळे दगडाकडे बघून माना हलवतात, बोटाने ठोकून बघतात, एकमेकांना 'फर्स्टक्लास' म्हणतात. यातल्या एकानेही जन्मात भाकरी थापलेली नसते. जिला त्या दगडापुढे रोज उभं राहायचं असतं ती घरी, यांच्या परतण्याच्या वेळेला चहा तयार असावा म्हणून आधण ठेवत असते.

मला या गोष्टीचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. लपवायला कुणी शिकवलंच नाही. माझी आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. संपाची, सभेची, जयंतीची. गुलाबी, पिवळ्या, पातळ कागदावर छापलेली. आई ती घडी करून कनवटीला लावून आणायची आणि मी मोठ्याने वाचून दाखवायचो, कारण तिला वाचता येत नव्हतं. 'बंधू-भगिनींनो' हा शब्द मी 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी शिकलो. तुझं लिहिणं पत्रकासारखं होतं, असं मला संपादक म्हणतात. होऊ द्या. पत्रकाचा एक गुण आहे. वाचून झाल्यावर काय करायचं ते त्यात सांगितलेलं असतं.

आधी धंदा समजावून सांगतो, म्हणजे पुढची गोष्ट कळेल.

आपल्याकडे बाई पिढ्यानपिढ्या जमिनीवर बसून रांधत आली. चूल खाली, पाट खाली, काटवट खाली. मग गॅस आला. शेगडी सिलिंडरच्या वरच्या अंगाला लागते, म्हणून शेगडी उचलून वर ठेवली आणि तिच्या पाठोपाठ बाईही उठून उभी राहिली. मी याला क्रांती म्हणतो. माझे मित्र हसतात. पण ज्या दिवशी ती उभी राहिली त्या दिवशी तिचं तोंड घरातल्या बाकीच्यांच्या तोंडासमोर आलं. तिच्याशी बोलताना खाली बघायची सोय संपली. इतक्या सभांना जमलं नाही ते एका दगडाने केलं. त्या दगडाखाली माझा हात लागलेला आहे याचा मला अभिमान वाटतो, आणि तो मी मिरवतोसुद्धा.

दगडाच्या जाती मोजक्या. शहाबादी फरशी राखाडी, खरबरीत, गरिबाला परवडणारी. कडप्पा काळा, घासला की तुळतुळीत, मधल्या घरांचा. संगमरवर मिरवायला झकास, पण हळदीचं आणि त्याचं जमत नाही. आता इलकलकडचा लाल ग्रॅनाइट येऊ लागला आहे. तो बँकेत नाहीतर देवळात बघायचा. कुणाच्या स्वयंपाकघरात दिसला की समजायचं, घरमालकाचं साखर कारखान्यात काहीतरी जमलेलं आहे.

कडप्पा घेताना त्यावर पाणी ओतावं. सगळा दगड सुकतो आणि एखादी रेघ ओली राहते. ती चीर. दगड वाजवावा. चांगला ठणकन बोलतो, चिरलेला बद्द आवाज देतो. आणि उंची. पोळी लाटणाऱ्या घराचा ओटा आणि भाकरी थापणाऱ्या घराचा ओटा सारखा नसतो. लाटताना हात पुढे जातात. थापताना वरून वजन टाकावं लागतं, म्हणून भाकरीचा ओटा थोडा खाली हवा. किती खाली, हे टेप सांगत नाही. ते त्या बाईचं कोपर सांगतं.

नव्या ओट्याचं वेड असं की बेळगुंदीच्या एका शेतकऱ्याने मला ओटा चक्क सोप्यात बसवायला लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसला पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. आत त्याची बायको चुलीवर रांधते आणि बाहेर ओट्यावर पानसुपारीचं तबक असतं. मी पुष्कळ वाद घातला. तो म्हणाला, "मिस्त्री, आत ठेवून कुणाला दाखवू?"

हे वेड घर विकताना आणखी वाढतं. गिऱ्हाईक आता विहीर, मागचं दार, कौलं सगळं बघतं आणि मग विचारतं, ओटा हाय का? म्हणून ज्या घरात जन्मभर ओटा झाला नाही, त्या घरात तो घर सोडताना होतो. निपाणीच्या आप्पांनी मला याच कामासाठी बोलावलं.

आप्पा रेल्वेत होते. बरीच वर्षं गुंजीच्या स्टेशनात काढून निवृत्त झाले आणि निपाणीच्या घरात येऊन राहिले. पितळी दिवे लखलखीत ठेवायची सवय अंगात मुरलेली. घराच्या दाराच्या कड्याही चमकायच्या. त्यांची बायको आक्का. मी तिला आक्काच म्हणायचो, सगळी गल्ली म्हणायची. आक्काचे गुडघे गेलेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जमिनीवर बसणं बंद, नाहीतर पुढे उठताच येणार नाही. मुलगा बेळगावात खासबागेत राहत होता. निपाणीचं घर विकून खासबागेत मुलाच्या घरावर दोन खोल्या चढवायच्या, तिथे उभ्याने सगळं होईल अशी सोय करायची, असा बेत ठरलेला. म्हणजे घर विकलं की आक्का जमिनीवरून उठणार. तोवर ती रोज सकाळ-संध्याकाळ त्याच जमिनीवर बसून रांधत होती.

दगड निवडायला फरशीच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. आप्पा, मी आणि घराचा सौदा जमवणारे दलाल अण्णा. अण्णांनी आल्याआल्या एका कडप्प्यावर हात ठेवला.

"ह्यो बघा मिस्त्री. आरशावानी हाय."

मी नाक जवळ नेलं. दगडाला खोबरेल चोळलेलं होतं. "अण्णा, ह्याला तेल लावून भांग पाडलाय कुणीतरी. पाणी मारून बघूया."

पाणी मारलं. तेल असल्यामुळे ते थेंब होऊन पळालं. ते फडक्याने पुसून पुन्हा मारलं, तेव्हा मधोमध रेघ उठली.

"असू दे की," अण्णा म्हणाले. "आपल्याला कुठं जन्मभर ठेवायचाय? गिऱ्हाईक येऊन जाईस्तोवर ऱ्हायला म्हंजे झालं."

"आणि गिऱ्हाइकाच्या बायकोनं त्याच्यावर भरलेली घागर ठेवल्यावर?"

"तवर दस्त झालेला असतोय."

"मग मिस्त्री दुसरा बघा."

अण्णा माझ्याकडे असे बघू लागले की जणू त्यांच्या ताटातला घास मी काढून घेतला. पण आप्पा मधे पडले. "चिरलेला नको. मागनं कुणी माझ्या नावानं खडं फोडल्यालं न्हाय चालायचं." मग ते संगमरवराकडे वळले आणि त्याच्या पांढऱ्या अंगावरून हात फिरवत राहिले. हळदीचं सांगून मी त्यांना तिथून परत आणलं. शेवटी निळसर झाक असलेला, सलग, बिनचिरीचा कडप्पा घेतला. ठणकन बोलणारा. तो हातगाड्यावर चढवताना मी खूश होतो. मग माझ्या लक्षात आलं की मीसुद्धा आक्काला विचारलेलं नाही. निदान माप तरी तिचंच घ्यायचं, असं ठरवून मी त्यांच्या घरी गेलो.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी मी थांबलो. आमच्या बौद्ध वस्तीतल्या माणसांना त्या जागी थांबायची सवय आहे आणि लोकांना आम्हाला तिथे थांबलेलं बघायची. आक्का आतून म्हणाली, "ये की रं आत. का भाईरनंच दगूड फेकून वटा बसवणार हाईस?"

मी आत गेलो. "आक्का, भिंतीपाशी उभ्या ऱ्हावा आणि हवेत भाकरी थापा."

"हवेत?"

"व्हय. पीठ हाय असं समजा."

आप्पा दारातून म्हणाले, "तिचं माप कशाला? ती कुठं हितं ऱ्हाणार हाय? सगळीकडं असतोय तसला बसवा."

"आप्पा, घेणारी कोण ते कुणालाच ठाव न्हाय. ह्या घरात भाकरी थापणारं माणूस एकच हाय. माप त्याचंच."

आक्का भिंतीला एक हात टेकून सरळ झाली. मग तिने दोन्ही हात पुढे घेतले आणि हवेत थापू लागली. बांगड्या वाजल्या. थोड्या वेळाने ती थांबून म्हणाली, "मिस्त्री, पीठ सैल झालंय रं."

मी हसत हसत तिच्या तळव्यांच्या खाली भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. ओटा त्या रेघेवर बसला. दगड भिंतीत धरला, सांधे भरले, मोरीकडे पाणी उतरेल इतका ढाळ दिला, पुढची कड घासून गोल केली, म्हणजे पोटाला टोचणार नाही. असं काम झालं की मला गावभर सांगत सुटावंसं वाटतं.

आणि आप्पांनी त्यावर चादर घातली.

"आता ह्याला हात लावायचा न्हाय," ते म्हणाले. "घर जाईस्तोवर कोरा ऱ्हायला पायजे."

आपल्याकडे 'कोरं' या शब्दाला मोठी किंमत आहे. कोरं लुगडं, कोरं भांडं. पण दलाल अण्णांनी या कोरेपणाची आणखी एक बाजू मला समजावली. "कसं हाय मिस्त्री, घेणारा कोण बी असू दे. आदी हितं कुणाच्या हातचं शिजलं ही शंका नको." मी सगळं समजलो. खाणीत दगड कुणी फोडला, गाडीत कुणी चढवला, भिंतीत कुणी बसवला, हे कुणी विचारत नाही. त्यावर पहिली भाकरी कुणाच्या हातची, एवढाच यांचा प्रश्न. जीभ चावून मी घरी आलो आणि त्या दिवशी आईने माझं सगळं भाषण जेवताना ऐकून घेतलं.

धुराने नवा दगड आणि भिंत खराब होऊ नये म्हणून आप्पांनी चूल आणि पंपाचा स्टोव्हही मागच्या परड्यात पत्र्याखाली हलवला. म्हणजे आक्का आता घरातली जमीन सोडून परड्यातल्या जमिनीवर बसू लागली. उठताना पेरूच्या झाडाला धरून उठायची. आत तिच्या मापाचा ओटा चादर पांघरून उभा.

गिऱ्हाइकं येऊ लागली. ओट्यामागच्या पांढऱ्या टाइल बसवायच्या राहिल्या होत्या, त्या निमित्ताने मी तिथे असायचो आणि मला एक गंमत दिसली. घर बघायला आलेल्या बायका ओट्यापाशी जाऊन, कुणी बघत नाही असं बघून, हवेत भाकरी थापून बघतात. मी सांगितलेलं नसताना. त्यांचे चेहरे खुलायचे. इथे खांदे वर घ्यावे लागत नाहीत, हे त्यांच्या हातांना लगेच कळायचं. मला वाटायचं, झालं, घर गेलं. मग त्या विहीर बघायला मागे जायच्या, परड्यात चुलीपुढे बसलेली आक्का त्यांना दिसायची, आणि परत येताना त्यांचे चेहरे निराळे असायचे. नवऱ्याच्या कानात काहीतरी बोलून निघून जायच्या. पुन्हा कुणी आलं नाही.

एक दिवस दलाल अण्णा मी दुसऱ्या घरी काम करत होतो तिथे मला शोधत आले. घाम पुसत खाली बसले.

"बाजारात काय उठलंय ठाव हाय का? म्हणत्यात, घरची मालकीणच त्या खोलीत रांधत न्हाय. नव्या दगडाखाली काय झाकलंय?"

"काय झाकलंय?"

अण्णांनी आवाज खाली आणला. "स्टोव्हचा भडका. सून."

माझ्या हातातली थापी तशीच राहिली. वाचकहो, अशा बातम्या आपण रोज वाचतो. त्यांत बहुतेक वेळा सगळा दोष स्टोव्हला दिलेला असतो आणि माणसं सुटतात. घर बघायला गेलेली बाई आधी स्वयंपाकघराच्या छताकडे बघते ती काही जळमटांसाठी नव्हे. तेव्हा त्या बायकांचं काही चुकलं असं मला वाटलं नाही. वापरात नसलेलं स्वयंपाकघर, नवा दगड, नवा रंग, आणि परड्यात जमिनीवर रांधणारी म्हातारी. त्यांनी जे जोडायचं ते जोडलं. पण आप्पांची सून खासबागेत धडधाकट होती, शिवणाचा क्लास चालवत होती.

मी सायकल काढली आणि थेट आप्पांकडे गेलो. सगळं सांगितलं. आप्पा खुर्चीत बसले आणि दाराच्या चमकत्या कडीकडे बघू लागले. जन्मभर दाराच्या कडीवर डाग पडू न दिलेला माणूस तो. आक्का मात्र पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"सुनंला कळवा की. म्हणावं, बाई, तू मेलीस."

"हसू नगंस," आप्पा म्हणाले.

"मग काय करू? रडू?"

"आप्पा," मी म्हणालो, "ओटा वापराय काढा. आक्का तिथं उभी ऱ्हाऊन रांधताना दिसू दे. दुसरा उपाय न्हाय."

"डाग पडंल."

आक्काचं हसू थांबलं. ती भिंतीला टेकून उभी होती. आवाज जराही न चढवता ती म्हणाली, "माजं गुडघं गेल्यालं चालतंय. दगडाला डाग पडल्याला चालत न्हाय. बरं हाय."

आप्पा उठले, आत गेले आणि त्यांनी स्वतः ओट्यावरची चादर काढली. नीट घडी केली. मग परड्यातून पंपाचा स्टोव्ह आणून ओट्यावर ठेवला.

मला इतकं भरून आलं की मी माझ्या मूळ स्वभावावर गेलो. पत्रक लिहिलं. खोक्याच्या पुठ्ठ्यावर, ठळक अक्षरांत: 'घर विकणे आहे. स्वयंपाक चालू असताना बघायला यावे. बायकांनी आधी आत जावे.'

दलाल अण्णांनी ते वाचून कपाळाला हात लावला. "ही काय जेवणावळ हाय का मिस्त्री?" पण जरा विचार करून म्हणाले, "मागच्या बाजूला कन्नडमधी बी लिवा. पैशाला कुठली भाषा?" शेजारच्या मास्तरांकडून ते लिहून घेतलं आणि पाटी दारावर लटकवली. येणाऱ्याच्या बोलण्याप्रमाणे अण्णा ती उलटी-सुलटी करायचे.

पहिल्याच सकाळी आमटीसाठी चिंचेचा कोळ करताना तो ओट्यावर सांडला. आक्काने पुसेपर्यंत काळ्या दगडावर पांढुरका ओघळ उठला होता. आप्पांनी राख घेतली, मग लिंबू घेतलं, आणि लिंबाने शेजारी आणखी एक ठिपका उमटवला. मी त्यांचा हात धरला. "आप्पा, ह्यो चुन्याच्या जातीचा दगड हाय. आंबट ह्याला खातं. आता जेवढं घासशीला तेवढं वाढंल." ते त्या ओघळाकडे बघत राहिले. आक्काने तव्यावर भाकरी टाकली.

त्याच आठवड्यात एक मास्तरीणबाई आल्या. निपाणीतल्याच प्राथमिक शाळेत शिकवायच्या. पाटी वाचून त्यांनी नवऱ्याला बाहेरच्या कट्ट्यावर बसवलं आणि एकट्या आत आल्या. मी कोपऱ्यात टाइलला सिमेंट लावत होतो. मी त्यांना ओळखलं. त्यांची आई आणि माझी आई एकाच वखारीत होत्या. त्यांनीही मला ओळखलं. नजरेनेच नमस्कार झाला.

"नमस्कार. पाटी बघून आले."

"ये बाई," आक्का म्हणाली. तिच्या हातांना पीठ होतं. "भाकरी येती का?"

"येती की. पण भाड्याच्या घरात ओटा छातीला लागतोय. थापून थापून खांदं धरल्यात."

"मग हितं थाप बघू. पीठ मळलंय."

बाईंनी घड्याळ काढून पर्समध्ये ठेवलं, हात धुतले, पदर खोचला आणि गोळा घेतला. थापण्याचा आवाज सुरू झाला, एकसारखा, मोकळा. खांदे खाली, कोपरं सैल. मी सिमेंट हातात घेऊन बघत राहिलो. माझी पेन्सिलची रेघ त्या हातांखाली काम करत होती. सगळ्या बांधकामांत मिस्त्री निघून गेल्यावर जे होतं ते, एकदाच, माझ्यासमोर होत होतं.

आक्काने बोट केलं. "ह्यो ओघळ बघ. चिंचेचा हाय. तू बी असलं पाडशील, आदीच सांगून ठेवते."

बाई म्हणाल्या, "आजवर समद्यांनी आम्हाला चकाकी दाखवली. डाग तुम्हीच दाखवला."

दलाल अण्णा दारात येऊन उभे होते. सौदा जमतोय हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांच्या मागे आप्पा. आप्पांनी आपल्याकडे विचारतात तसंच विचारलं, "पाव्हणं कुठलं म्हणायचं? आडनाव काय?"

बाईंनी भाकरी तव्यावर टाकली. मान वळवून सरळ म्हणाल्या, "आम्ही बौद्ध, आप्पा. आई तंबाखूच्या वखारीत होती. मी शाळेत हाय, मालक पोस्टात हाईत."

अण्णा चपलेकडे बघू लागले. आप्पांची नजर तव्यावर, मग परातीवर, मग बायकोच्या तोंडावर. माझ्या डोक्यात अख्खं पत्रक छापून तयार झालं. खाणीतल्या दगडापासून सुरुवात, समतेवर शेवट. 'बंधू-भगिनींनो' म्हणायला मी तोंड उघडलंसुद्धा.

"अगं, भाकरी करपाय लागली," आक्का म्हणाली. "पलट की."

बाईंनी भाकरी उलटली. ती फुगली. आक्काने ती ताटलीत घेतली, कडेला चटणी ठेवली आणि ताटली नवऱ्यापुढे धरली. "गरम हाय तवर खावा."

आप्पांनी ताटलीकडे बराच वेळ पाहिलं. मग उभ्या उभ्या एक तुकडा मोडला आणि खाल्ला. सावकाश चावला. म्हणाले, "मीठ कमी हाय ह्यात."

"पीठ आक्कांनी मळलंय," बाई म्हणाल्या.

पहिल्यांदा आक्का हसली, मग अण्णा, आणि कट्ट्यावरून नवरा 'काय झालं, काय झालं' म्हणत दारात आला.

लगेच सगळं गोड झालं असं समजू नका. मी खोटं लिहिणार नाही. त्याच संध्याकाळी गल्लीतले चार जण आप्पांना समजवायला आले. दुसरं गिऱ्हाईक मिळेल, घाई कशाला, इतक्या वर्षांचा शेजार आहे, वगैरे. आप्पा डळमळले. 'बघू' म्हणू लागले. अण्णाही म्हणाले, थांबूया. तेव्हा आक्काने सगळ्यांदेखत विचारलं, "मग मी परत परड्यात जाऊन बसू का? कुठवर ते सांगा." समजवायला आलेल्यांपैकी कुणाच्याच गुडघ्यांचा तो प्रश्न नव्हता. दुसऱ्या दिवशी आप्पांनी बाईंच्या नवऱ्याला बोलावून शब्द दिला आणि तो पाळला.

बाईंना गल्लीत पुष्कळ दिवस कुणी हळदी-कुंकवाला बोलावलं नाही. त्या म्हणतात, "आमच्याकडं भाकरी खायाला या म्हणते मी, येतील." काही जणी येतात. सगळ्या नाही. याची मला चीड आहे, आणि एक हळहळही आहे. आक्काच्या मापाच्या त्या ओट्यावर आक्काला फार दिवस मिळाले नाहीत. तो तिच्यासाठी झाला असता तर तिच्या तरुणपणीच झाला असता. घर सोडायची वेळ आल्याशिवाय कुणाला ते सुचलं नाही.

खासबागेत वरच्या खोल्या उठल्या तेव्हा आप्पांनी मला निरोप पाठवला. मी बेळगावच्या फरशीच्या दुकानात पोचलो तर आवारात रिक्षा उभी होती आणि आक्का उतरत होती. दुकानात बायका येत नाहीत, म्हणून बसायलाही काही नव्हतं. ती एका आडव्या दगडावरच बसली आणि म्हणाली, "आण रं पाणी." मी बादली आणली. तिने प्रत्येक दगडावर पाणी मारायला लावलं. प्रत्येक वाजवला. एकावर दोन्ही हात टेकून वजन टाकून बघितलं. दुकानदार सवयीने आप्पांशी बोलू लागला, हा घ्या, तो घ्या, साहेब.

"मला इचारू नका," आप्पा म्हणाले. "तिला इचारा."

दुकानदार गडबडला. मग तिच्याकडे वळला. ग्रॅनाइट दाखवला, संगमरवर दाखवला. तिने कडप्पाच घेतला.

"आक्का, चिंच लागंल त्याला," मी म्हणालो.

"लागू दे. काळ्यावर पीठ दिसतंय रं. सांडल्यालं समदं गोळा करता येतंय."

इतकी वर्षं मी दगड विकत घेतोय. मला हे कारण कधी सुचलं नव्हतं, कारण सांडलेलं पीठ मी कधी गोळा केलेलं नाही. आता ती सकाळी उठून सरळ ओट्यापाशी जाते. पेरूचं झाड शोधावं लागत नाही. मी गेलो की आत बोलावते आणि तिथेच उभ्याने खायला देते. आप्पा शेजारी उभे राहून खातात आणि मिठाबद्दल तक्रार करतात.

आता तुमच्याकडे वळतो. हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा घरात फराळाची गडबड असेल. तळणीपुढे जी कोणी उभी असेल तिचे खांदे वर चढलेत का ते बघा. चढलेले असतील, किंवा ती अजून जमिनीवर बसत असेल, तर घर विकायला काढायची वाट बघू नका. सुट्टीतला एक दिवस ठरवा. तिला घेऊन फरशीच्या दुकानात जा. गुडघे दुखत असतील तर रिक्षा करा. तिथे दुकानदार तुमच्याकडे बघून बोलायला लागेल. तेव्हा एक पाऊल मागे सरका आणि तिला पुढे होऊ द्या.